खिशात मावणाऱ्या वाद्याचं पाकीट

वऱ्हाडातल्या खामगावात एखाद्या पोराने आपण माऊथ ऑर्गन वाजवतो असं सांगितलं, की समोरचा हमखास ‘शोले’चं नाव काढतो. वयाने मोठा असेल तर ‘दोस्ती’चं. कुणाला जत्रेत मिळणारा पत्र्याचा बाजा आठवतो. एवढ्याशा बाजावर कुणी पोट भरत असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. पोराने वर ब्लूज बँडचा विषय काढलाच, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘बरं, पण कामधंदा काय करतो?’

प्रश्न रास्त आहे. त्याला धड उत्तर देता येईल अशी सोय मात्र आपल्या जिल्ह्या-तालुक्याच्या गावांनी केलेली नाही, आणि तक्रार तिथेच आहे.

खरं तर ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्यांचं गाणं कळायला ज्या गावांना कमीत कमी वेळ लागावा, त्यांत खामगाव बरंच वर असायला हवं. कारण कापूस. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडची बंदरं कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. युद्ध १८६५ मध्ये संपलं, पण नजर हटली नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला गेला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने इथे आले. १३ किलोमीटरच्या रुळासाठी व्हाइसरॉय! रुईच्या गाठींचं वजन तेवढं होतं.

त्याच काळात तिकडे मिसिसिपीच्या खोऱ्यात गुलामी कागदावर संपली होती. काळी कुटुंबं आता बटाईने कापूस पिकवत. जमीन मालकाची, दुकान मालकाचं, काटा मालकाचा, हिशेबाची वहीही त्याचीच. हंगाम संपला की कर्ज तेवढंच, कधी थोडं जास्त. या माणसांच्या गाण्यातून पुढे ब्लूज उभा राहिला. काटा, कर्ज आणि पावसाने दिलेला दगा हे विषय वऱ्हाडातल्या श्रोत्याला उलगडून सांगावे लागत नाहीत. ब्लूज गायक मडी वॉटर्स स्टोव्हॉल नावाच्या कापसाच्या मळ्यावर राबत होता, १९४३ मध्ये शिकागोला गेला. जेम्स कॉटनचं बालपणही कापसाच्या रानात गेलं, आणि पुढे तो मडी वॉटर्सच्या बँडमध्ये बरीच वर्षं बाजा वाजवत होता. बडी गाय लुईझियानात कापूस वेचत मोठा झाला, आणि २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याच मंचावर तो गिटार घेऊन उभा होता. कापूस वेचलेल्या माणसाला ऐकायला मुंबईतला शौकीन तिकीट काढून गेला. कापूस पिकवणाऱ्या गावातल्या पोराला तेच ऐकायचं, तर शेगावहून विदर्भ एक्सप्रेस धरून रात्र काढायची.

आता बाजाकडे वळू. दिसायला वस्तू अगदी साधी : दहा भोकं, वीस रीड, म्हणजे धातूची पातळ पाती. प्रत्येक भोकात एक रीड फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनच्या मॅथियास होनरने १८५७ मध्ये हे बाजे बनवायला घेतले. पुढे ब्लूजवाल्यांनी डोक्यावर घेतलेलं ‘मरीन बँड’ हे त्याच कंपनीचं मॉडेल १८९६ चं. तिकडच्या लोकगीतांच्या सरळ चालींसाठी, मुख्यतः फुंकून वाजवायची ही चीज. काळ्या वादकांनी तिचा रोखच फिरवला. ‘सी’चा बाजा घ्यायचा, पण षड्ज धरायचा ‘जी’ला, आणि फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर द्यायचा. असं केलं की तिसऱ्या भोकात ओढलेल्या श्वासावर शुद्ध गंधार मिळतो. जीभ थोडी मागे घेतली, तोंडातली पोकळी बदलली, की तोच गंधार खाली सरकू लागतो : कोमल गंधार, मग रिषभ, आणि दम असेल तर कोमल रिषभापर्यंत. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मध्ये जी जागा आहे, तिथे ब्लूजचा मुक्काम असतो. नवशिक्याचे कित्येक महिने या एका भोकात जातात, आणि तोवर घरच्यांना ते दम्याच्या रोग्याचं कण्हणं वाटतं.

आपली पेटीही याच रीडवाल्या घराण्यातली. पण पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं, त्यामागे हाही एक मोठा आक्षेप होता. जी गोष्ट पेटीला जमली नाही ती खिशातल्या बाजाला जमते, आणि तरी बैठकीत त्याला जागा नाही. वाद्य परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं आठवावं, की हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं गेलं होतं आणि लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेट काही वऱ्हाडात पिकत नाही.

खर्चाचाही एक गैरसमज आहे. बाजा स्वस्त, म्हणून वादक स्वस्त, असा सरळ हिशोब लावला जातो. पण प्रत्येक पट्टीचा बाजा वेगळा. गिटारवाला ‘ई’मध्ये सुरू झाला तर ‘ए’चा बाजा लागतो, ‘ए’मध्ये गेला तर ‘डी’चा, ‘जी’मध्ये असेल तर ‘सी’चा. गायकाचा आवाज बसलाय म्हणून ऐनवेळी पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, तर पेटीवाला बोटं सरकवतो, की-बोर्डवाला एक बटण दाबतो आणि बाजावाला थैलीत हात घालून नसलेला बाजा शोधत बसतो. पाच-सहा बाजे ही अगदी किमान शिदोरी, पूर्ण संच बाराचा. चांगल्या जर्मन किंवा जपानी बाजाला प्रत्येकी काही हजार रुपये पडतात. जोरात ओढणाऱ्याच्या हातात रीड थकते, उतरते. मग पाठीचे स्क्रू काढून रीड कानसेने घासायची : टोकाशी घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि जरा जास्त घासली की तुटते. दुरुस्तीचं दुकान जवळपास नसतं, म्हणून हा कारागीरही वादकानेच व्हायचं. कार्यक्रमाच्या सुपारीत या झिजेचा रुपया कुणी धरत नाही. पाकिटं वाटताना गायकाचं जाड, ड्रमवाल्याचं बरं, आणि बाजावाल्याला ‘तुझं काय, खिशात घालून आलास’ हा शेरा.

हा अनुभव आजचा नाही, इथलाही नाही. डिफोर्ड बेली हा नॅशव्हिलचा बाजावाला. १९२७ मध्ये त्याने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात धावती आगगाडी अख्खी उतरली आहे, शिट्टी, रूळ, वेग घेणं, सगळं. त्याच वर्षी त्याच्या वादनापाठोपाठ बोलताना निवेदकाने सहज ‘ग्रँड ओल ऑप्री’ असे शब्द उच्चारले आणि अमेरिकेतल्या त्या सर्वांत गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाला नाव मिळालं. बेली दौऱ्यांवर गर्दी खेचायचा, पण काळा म्हणून सोबतच्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. उरलेलं आयुष्य त्याने बूट-पॉलिशचं दुकान चालवलं. १९८२ मध्ये तो गेला. कंट्री म्युझिकच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं ते २००५ मध्ये.

ब्लूजमधला बाजावाला लिटल वॉल्टर याचं १९५२ चं ‘ज्यूक’ आठ आठवडे अमेरिकेच्या आर अँड बी यादीत पहिलं होतं. बाजावर वाजवलेली, शब्द नसलेली चीज. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. सभेत घोषणा द्यायला वापरतात त्या जातीचा साधा माईक तो बाजासकट दोन्ही तळहातांत घट्ट कोंडायचा आणि छोट्या ॲम्प्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाटू द्यायचा. खामगावच्या मंडपात कुणी असं केलं, तर सिस्टीमवाला धावत येईल आणि माईक लांब धर म्हणून ओरडेल. त्याचीही चूक नाही. त्याला फाटलेला आवाज दुरुस्त करण्याचे पैसे मिळतात.

आपल्याकडे या वाद्याचा मान सिनेमाने वाढवला आणि सिनेमानेच त्याला एका कोपऱ्यात बसवलं. ‘सोलवा साल’मध्ये (१९५८) लोकलच्या डब्यात देव आनंद गातो, तेव्हा कानावर पडणारा बाजा तरुण राहुल देव बर्मनचा आहे. ‘दोस्ती’तल्या (१९६४) अपंग रामूचा बाजाही त्यानेच वाजवला, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं असूनही. ‘शोले’त (१९७५) अमिताभच्या ओठांवर जो बाजा आहे तो भानू गुप्तांचा. रंगूनमध्ये जन्मलेला हा माणूस मुंबईत गिटार आणि बाजा दोन्ही वाजवत राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत गेला. ‘शोले’ची ती धून पाठ असणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? पडद्यावर बाजा वाजतो तो अनाथाच्या हातात, एकाकी माणसाच्या हातात, रस्त्यावर पैसे मागणाऱ्याच्या हातात. त्यामुळे त्याला दाद देताना आपण खिशात हात घालतो तो चिल्लर काढायला.

ब्लूजमध्ये बाजा असा कडेला बसत नाही. गायक एक ओळ म्हणतो आणि थांबतो, त्या रिकाम्या जागेत बाजा उलट बोलतो. भजनात बुवांनी चरण टाकल्यावर मागचे टाळकरी तो उचलतात, त्याच्याच जवळची ही रीत. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावात येते आणि पुढे हजारो माणसं तिच्याबरोबर शेगावपर्यंत चालत जातात. त्या वाटेवर जे गायलं जातं त्याला ना स्पीकरची भिंत लागते, ना लेझर. जिवंत वादन ऐकण्याची सवय या गावाला आहे. बिघडलंय ते बाकीच्या वर्षाचं गणित. लग्न, गणपती, कोजागरीला बसणाऱ्या मोठ्या देवीचा उत्सव. एकेकाळी इथे ऑर्केस्ट्राला आणि बँड पथकाला जे पैसे जात, त्यातला मोठा वाटा आज डीजेच्या गाडीकडे जातो. डीजेला जेवणाची आठ ताटं लागत नाहीत, त्याची पट्टी बदलत नाही आणि तो दमत नाही.

त्यावर हौशी कलावंतांचे मेळावे भरवणं हा उपाय नव्हे. हौस या शब्दाआड फुकट वाजवून घेण्याची आपली जुनी खोड लपते. ब्लूजवरच घर चालेल, असा भ्रमही कुणी ठेवू नये. मडी वॉटर्सनेही शिकागोत आधी ट्रक चालवला. खामगावचा बाजावाला रात्रीत चौदा हिंदी गाणी वाजवील, दोन ब्लूज वाजवील, दिवसा दुकानात बसेल किंवा शिकवण्या घेईल. त्यात कमीपणा कसला? पण त्या दोन ब्लूजसाठी जागा, आणि सोळाही गाण्यांसाठी ठरलेला दाम, एवढं तरी मिळायला हवं.

जागेची गोष्ट अवघड नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर भोंगे बंद करतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्याला आहे. तेव्हा संध्याकाळी सातला सुरू होणारा, दोन छोट्या ॲम्प्लिफायरवर भागणारा कार्यक्रम नियमात आरामात बसतो. अडचण होते ती ट्रकभर स्पीकर लावणाऱ्यांची. उत्सव मंडळांनी विसर्जनाच्या आधीची एक संध्याकाळ स्थानिक वादकांना द्यावी आणि विसार आधी हातात ठेवावा. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांना महिना ५ हजार रुपये मानधन देणारी योजना आहे, पण ती पन्नाशीनंतरची. पंचविशीतल्या वादकाला त्या वयापर्यंत कलावंत म्हणून टिकवायचं कुणी, याचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही. ते लग्नघरांना, मंडळांना आणि सुपारी ठरवणाऱ्या मॅनेजरला द्यावं लागेल : बँडशी बोली करताना प्रत्येक वादकाचं नाव आणि त्याची रक्कम कागदावर वेगळी लिहायची, बाजावाल्याचीसुद्धा, आणि पट्टी आदल्या दिवशी त्याला कळवायची.