वाघापलीकडचे आदिलाबाद

"वाघ दिसला?"

आदिलाबादला जाऊन आलो म्हटल्यावर कचेरीत जो भेटला त्याने पहिला प्रश्न हाच विचारला. नाही म्हटले की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू आपण मडगावच्या बाजारात जाऊन नुस्ते न घेताच परत आलो. जंगल म्हणजे वाघ, आणि वाघ दिसला नाही तर पैसे फुकट, हे समीकरण आता आपल्या डोक्यात इतके घट्ट बसले आहे की जंगल चालवणारी सरकारेही त्याच हिशेबाने चालू लागली आहेत. माझे मत स्पष्ट सांगतो. आदिलाबादच्या जंगलात वाघ विकायला ठेवणे ही पाहुण्याची फसवणूक आहे, आणि तिथल्या माणसांवर त्याहून मोठा अन्याय आहे.

थोडी कागदोपत्री माहिती आधी देतो. (कारकुनाची खोड, दुसरे काय!) लोक ज्याला सर्रास 'नॅशनल पार्क' म्हणतात ते कवाल हे राष्ट्रीय उद्यान नव्हे. १९६५ साली ते अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे ८९३ चौरस किलोमीटर, बफर धरून दोन हजारांच्या वर. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद. त्यामुळे सफारीचे जन्नारम आता मंचिर्यालमध्ये, कडेमचे धरण निर्मलमध्ये आणि कुंटाला धबधबा आदिलाबादमध्ये आहे. वाघाला अर्थात जिल्ह्यांच्या हद्दी ठाऊक नाहीत. तो ताडोबाकडून किंवा यवतमाळच्या टिपेश्वरहून पैनगंगा, प्राणहिता ओलांडून येतो, चार दिवस फिरतो आणि बहुधा परत जातो. कवाल हे अजून तरी त्याचे घर झालेले नाही, येण्याजाण्याची वाट आहे. मग जीपमध्ये बसून पहाटेच्या थंडीत कुडकुडणाऱ्या पाहुण्याला काय मिळते? चितळ, नीलगाय, नशीब बरे असेल तर गवे किंवा अस्वल, आणि मैलोन्‌मैल साग. मला तो सागच फार आवडला. पण माझ्या जीपमधल्या इतरांची निराशा पाहवत नव्हती.

आता गंमत बघा. पावसाळ्याचे तीन महिने सफारी बंद असते आणि धबधबे भरतात ते नेमके तेव्हाच. कुंटाला हा कडेम नदीवरचा धबधबा सुमारे ४५ मीटर उंच, तेलंगणातला सर्वांत उंच म्हणून ओळखला जातो. हैदराबाद-नागपूर महामार्गावर नेरेडिगोंडा लागते, तिथून आत वळायचे आणि मग बऱ्याच पायऱ्या उतरायच्या. दुधसागर पाहिलेल्या गोंयकाराने उंचीची तुलना करू नये, कारण दुधसागर तीनशे मीटरच्या वर आहे. कुंटालाचे रूप निराळे. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून पाणी पसरत उतरते आणि खाली खोल कुंडात जाते. दुष्यंताची शकुंतला इथे येत असे म्हणून कुंटाला, अशी कथा सांगतात. गावातली माणसे साधे सांगतात की 'कुंटा' म्हणजे तळे, डोह. मला दुसरे पटते. आपल्याकडेही नदीतल्या खोल जागेला कोंड म्हणतात आणि तिथे कुणी पोहायला उतरत नाही. कुंटालाच्या कुंडाने मात्र अनेक तरुण पोरांचे जीव घेतले आहेत. येणाऱ्यांत नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरची मंडळी पुष्कळ असतात, तेव्हा धोक्याची पाटी ठळक मराठीतही असायला हवी. जवळच बोथकडे पोचेरा आहे, उंचीने कमी पण रुंद आणि जोरकस. कडेमच्या जलाशयावर संध्याकाळ काढावी. एवढे झाले की बहुतेक पर्यटक हॉटेलात परततात आणि आदिलाबाद 'करून' झाले असे समजतात.

खरे आदिलाबाद तिथून पुढे सुरू होते.

मला तिथे सर्वांत मोठा धक्का बसला तो भाषेचा. तेलंगणात आलो म्हणून खुणांनी बोलायची तयारी ठेवली होती, आणि उटनूरच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी चक्क मराठीत विचारले, "कुठून आलात जी?" ते प्रधान होते. प्रधान हे राजगोंडांचे परंपरागत गायक. किकरी नावाचे तंतुवाद्य वाजवत ते गोंडांच्या कुळांच्या कथा गोंडीत गातात, आणि घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. आंध जमातीचीही भाषा मराठीच. यात नवल नाही म्हणा. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. आपण गोव्यात मराठी की कोकणी यावर इतकी वर्षे भांडलो, आणि इकडे एक माणूस एका भाषेत देवाच्या कथा गातो, दुसरीत मुलांना रागावतो आणि तिसरीत तहसीलदाराकडे अर्ज करतो. कुणाला त्याचे काही वाटत नाही.

उटनूरच्या पुढे इंद्रवेल्ली, आणि त्याच मंडलात केस्लापूर. पौष अमावस्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाची माणसे त्याआधी जन्नारमजवळच्या गोदावरीच्या डोहातून पाणी आणायला अनवाणी चालत जातात आणि त्या पाण्याने देवाची पूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देण्याचा विधीही याच वेळी होतो. कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर गोंडांचे दुखणे काय ते समजून घ्यायला सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले, आणि त्याने १९४२ पासून याच जत्रेत तक्रारी ऐकण्याचा दरबार सुरू करवला. तो दरबार आजही भरतो. माणूस मार्लवाईला झोपडीत राहिला, गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार करवली. त्याची आणि त्याच्या पत्नीची समाधी मार्लवाईलाच आहे. आणि इंद्रवेल्लीला एक स्तंभ आहे. जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला, त्याचे ते स्मारक.

हे सगळे त्या जंगलाच्या पोटातच आहे. पण पर्यटनाच्या माहितीपत्रकात जंगल एका पानावर आणि 'आदिवासी संस्कृती' दुसऱ्या पानावर, जणू दोहोंचा संबंधच नाही!

संबंध आहे, आणि तो वाघावरूनच दुखरा झाला आहे. कडेम मंडलातली रामपूर आणि मैसंपेट ही गावे गाभा क्षेत्रातून अलीकडेच बाहेर हलवली गेली. मे २०२५ मध्ये आसिफाबाद जिल्ह्यातले ताडोबाला जोडणारे जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर करणारा ४९ क्रमांकाचा शासन आदेश निघाला. आदिवासी संघटनांनी बंद पुकारला आणि जुलैत आदेश स्थगित झाला. जानेवारी २०२४ मध्ये कागजनगरच्या जंगलात दोन वाघ मेलेले सापडले आणि गुराच्या मढ्यात विष घातल्याचे पुढे आले. हे वाचताना मला आमची सत्तरी आठवली. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले अशीच विषाने मेली. पुढे जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला तेव्हा राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठले. गाय मेली तर भरपाई कधी मिळणार ते ठाऊक नाही, आणि वाघाच्या नावाने येणारा पैसा गेटावरच थांबतो, अशी भावना झालेल्या माणसाकडून वाघाच्या रक्षणाची अपेक्षा कशी करायची? वाघ मारणे गुन्हाच, त्याची वकिली मी करत नाही. वाघाची वाट मोकळी राहिली पाहिजे हेही मला मान्य आहे. फक्त त्या वाटेचा सगळा खर्च गोंड, कोलाम आणि प्रधानांनीच का भरायचा?

आमच्या कुळेंच्या जीपगाड्यांना लोक नावे ठेवतात. लाइफ जॅकेट चढवा, फोटो काढा, परत फिरा, असाच तो प्रकार आहे हे खरे. पण जीपवाले स्थानिक आहेत, त्यामुळे दुधसागर वाहता राहण्यात त्यांचा स्वार्थ आहे. कवालमध्ये याहून चांगले करता येईल. गाभा क्षेत्रात पायी फिरू देत नाहीत ते योग्यच. बफरमध्ये मात्र गोंड वाटाड्याबरोबर तीन-चार तासांच्या पायवाटा आखाव्यात आणि त्याची फी ग्रामसभेच्या खात्यात जावी. कुठले झाड कशाला लागते, मोहाची फुले पहाटे का वेचतात, अस्वल त्याच वेळी तिथे का येते, हे तो सांगेल. नमुना शोधायला दूर जायला नको. आसिफाबाद जिल्ह्यात बेज्जूरच्या जंगलात पालारापूचा कडा आहे. २०१३ च्या सुमारास तिथे लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. गुरांच्या औषधातल्या डायक्लोफेनॅकने देशभरातली गिधाडे संपत आली होती. इथली टिकावीत म्हणून वन खात्याने स्थानिक माणसांनाच त्यांच्यावर नजर ठेवायला घेतले. त्यांची संख्या कमीजास्त होत राहिली आहे, पण तो कडा आता गावालाही आपला वाटतो.

कुणी जाणार असेल तर माझा सल्ला दिवाळीच्या आसपासचा. सफारी सुरू झालेली असते, कुंटालाला पाणी असते, आणि गावोगाव दंडारी निघते. मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी नाचताना तेव्हाच पाहायला मिळतात. मार्लवाईच्या कनकराजूंना या नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. नाच हा देवाचा आहे, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. डोकरा कामाचा एखादा दिवा उशेगावहून घ्यावा, उटनूरला आदिवासी बायकांनी केलेले मोहाचे लाडू चाखावेत. (आमच्या दोदोलाची आठवण काढू नये, वेगळी वस्तू आहे!) मुंबई-नांदेडकडून किनवटमार्गे आदिलाबादपर्यंत रेल्वे आहे. नागोबाच्या जत्रेला जायचे असेल तर मात्र जाड घोंगडी न्या. महापूजा रात्री असते आणि तिथली पौषातली थंडी आपल्या गोंयकारांना झेपणारी नव्हे.