पैसे मोजले, पण पुस्तक उघडेना!

लेकीने वाढदिवसाला आईला ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र भेट दिले. आईने हौसेने एका ऑनलाइन दुकानातून आवडती कादंबरी घेतली. खात्यातून पैसे लगेच गेले, पुस्तक मात्र उघडेना! दुकानाला ई-मेल केला, तर ‘लवकरच उत्तर देऊ’ असे साचेबद्ध उत्तर आले. आठवडा उलटला, तरी ते ‘लवकरच’ काही उजाडले नाही. हा अनुभव अनेक घरांतला आहे.

यात दोष बहुधा आईचाही नसतो आणि यंत्राचाही. घोळ असतो फाइलच्या प्रकारांचा. पीडीएफ म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रत. मोबाइलवर तिची अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि मोठी केली, की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जातो. वयस्कांना तो सोयीचा. किंडलचे प्रकार मात्र त्याचे स्वतःचे. ईपब फाइल त्यावर थेट उघडत नाही, कंपनीच्या सेवेमार्फत पाठवून बदलून घ्यावी लागते. त्यातून विक्रेत्याने फाइलला डिजिटल कुलूप लावले असेल, तर तोही मार्ग बंद!

या कुलपाची किल्ली विक्रेत्याच्याच हाती राहते. 2009 साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. त्या प्रती विकण्याचा हक्क विक्रेत्याकडे नव्हता, हे खरे. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण अमेरिकेतील एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या टिपा निरुपयोगी झाल्या, त्याचे काय? 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत दिले, पण घेतलेली पुस्तके वाचकांच्या हातून गेली.

म्हणजेच अशा दुकानात आपण बहुतेक वेळा पुस्तक नव्हे, तर ते वाचण्याची परवानगी विकत घेत असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : फाइल कोणत्या प्रकारची आहे, ती आपल्या यंत्रावर चालते का आणि तिला कुलूप आहे का. नमुन्याची पाने मोफत मिळत असतील, तर ती आधी उघडून पाहावीत.

एवढे करूनही फसगत झाली, तर गप्प बसू नये. भारतातील 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूही येतात. विक्री-संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी, असा नियम आहे. तेथे दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही. मात्र पावती, पत्रव्यवहार आणि पडद्यावरील सूचनेचे छायाचित्र जपून ठेवावे.

आणि जे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचे, लेकी-सुनांना द्यायचे, ते कागदावरच घ्यावे. कपाटातले पुस्तक कोणी दुरून पुसून टाकू शकत नाही!