कांद्याची पट्टी कोणत्या गटात?

व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांत वित्त, विपणन, उत्पादन, मनुष्यबळ असे अभ्यासगट असतात. ज्ञान वाढले की त्याचे वाटे पडणारच. त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या वडिलांची कांद्याची पट्टी कोणत्या गटाने वाचायची? हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाऊन जे उरते, त्यातच सोसायटीचा हप्ता असतो आणि माझी फीही.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत (स्थापना १९६१) शेतीसाठी वेगळे केंद्र आहे, हे वाचून बरे वाटले. त्याहून मोठे वाटले ते रवी मथाईंचे वागणे. १९७२ मध्ये त्यांनी आपण होऊन संचालकपद सोडले, प्राध्यापक म्हणून ते तिथेच राहिले आणि १९७५ पासून राजस्थानातील जवाजा परिसरात विणकर-चर्मकारांबरोबर काम करू लागले. बरोबर राष्ट्रीय डिझाइन संस्थेची माणसे होती. माल, नक्षी, कर्ज, बाजार हे प्रश्न तिथे वेगवेगळ्या तासिकांना थोडेच येणार होते?

आपल्याकडे अर्थशास्त्र वरच्या मजल्यावर, भूगोल तळमजल्यावर. जिन्यात भेटतात ते फक्त विद्यार्थी, तेही बहुधा तास चुकवून! दोन्ही विभागांनी मिळून एकदा बाजार समितीत यावे. वडिलांनी जुन्या पट्ट्या तारेला ओवून ठेवल्या आहेत. त्या मी घेऊन येतो.