पाळीचा ताप आणि विळ्याची पेशी

‘मलेरिया’ हा शब्द रुळण्याआधी इंग्रज हिवतापाला ‘एग्यू’ म्हणत. लॅटिनमधल्या ‘फेब्रिस अक्यूटा’चा, म्हणजे तीव्र तापाचा, हा वंशज. फ्रेंचमधून येताना त्यातला ताप गळाला, तीव्रपणा तेवढा उरला. केसपेपरवरचा ‘अ‍ॅक्यूट’ त्याचाच भाऊ. पुढे थंडी वाजून येणारा पाळीचा ताप म्हणजे एग्यू, हा अर्थ पक्का झाला. केंट-एसेक्सच्या दलदलीत तो घरोघरी असे.

आपल्या वैद्यांनीही पाळ्या मोजून तृतीयक, चतुर्थक अशी नावं दिली. लोकांनी मात्र हिवताप म्हटलं, आणि मला तेच सर्वांत खरं वाटतं. आधी हुडहुडी भरते, गोधडीवर गोधडी टाकली तरी दात वाजत राहतात. मग अंग भाजतं, शेवटी दरदरून घाम फुटतो. ‘मलेरिया’चा अर्थ वाईट हवा. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्याचे जंतू सापडले, हवा निर्दोष ठरली, नाव मात्र तेच राहिलं. सरकारदरबारी अजून ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ हे पद आहे, याचा मला आनंद आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याच्या परिसरात या तापाचा माग थेट रक्तात सापडतो. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोष आढळतो. आई किंवा बाप, एकाकडूनच हा दोष आला तर माणूस वाहक होतो, आणि वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. हिवतापाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळेच.

सिकल म्हणजे विळा. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये अशा वाकड्या पेशींचं वर्णन छापलं. इथे भात कापणाऱ्या बाईच्या हातात विळा असतो आणि लेकराच्या कागदावर ‘सिकलसेल’. तिला तिच्या मावची बोलीत, तिच्या शब्दांत सांगायला हवं, की रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसेत अडकते, म्हणून पोराचे हातपाय ठणकतात.

आणखी एक गोष्ट तिला सांगायलाच हवी. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. एका साध्या रक्ततपासणीत वाहक कळतो. सोयरीक जुळवताना दोन्ही घरांनी ती आधी करून घ्यावी.