सोंडा आणि भुंगेरा

तांदळाच्या पोत्यातला किडा असो वा मुगाच्या डब्यातला, घरोघरी ‘धान्याला कीड लागली’ एवढ्यावरच त्यांची बोळवण होते. वस्तुतः या दोघांचे बिऱ्हाड निराळे, आहारही निराळा. जीवहिंसा टाळू पाहणाऱ्या धान्यव्यापाऱ्याला हा भेद ठाऊक नसेल, तर त्याची सारी दक्षता भलत्याच ठिकाणी खर्च होते.

सोंडा हा तृणधान्याचा रहिवासी. तांदूळ, गहू, ज्वारी, मका ही त्याची आवडती घरे. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा देह, पाठीवर चार तांबूस ठिपके. धक्का लागताच मेल्याचे सोंग घेतो. मादी सोंडेने दाणा कोरून आत अंडे घालते आणि छिद्र चिकट स्रावाने बुजवते. अळी आतच वाढते. बाहेर आलेला सोंडा कित्येक महिने जगतो आणि त्या काळातही धान्य खातच राहतो. त्याचा मुख्य वावर वखारीत. म्हणून कोरडी जमीन, बुजवलेल्या फटी आणि झटकून घेतलेली जुनी पोती यांचे मोल येथे मोठे.

भुंगेऱ्याची गोष्ट मात्र शेतात सुरू होते. मूग, चवळी, हरभरा, तूर यांच्या पक्व होत आलेल्या शेंगांवरच मादी अंडी चिकटवते, आणि व्यापारी स्वच्छ माल समजून हा पाहुणा वखारीत आणतो. प्रौढ भुंगेऱ्याला साठवणीत अन्न लागत नाही. साधारण दहा-बारा दिवसांचे त्याचे आयुष्य अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर निभते. याला उपवास म्हणण्याचा मोह आवरलेला बरा, कारण दाणा आधीच पोखरून झालेला असतो.

खरी अडचण चाळणीची आहे. चाळून किडे अलगद बाहेर सोडले, की कर्तव्य झाले असे वाटते. पण चाळणीतून पडतात ते प्रौढ. दाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, आणि पुढे तोच माल दळणात किंवा धुरीत जातो. मुगावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे बहुधा उबून गेलेल्या अंड्याचे कवच. अळी त्याच्या तळातून केव्हाच दाण्यात शिरलेली असते. ज्या दाण्यांवर अंडी नाहीत, ते खरेदीच्या वेळीच उन्हात पारखून निवडावेत. अख्ख्या कडधान्याची लवकर डाळ करून घ्यावी, कारण डाळीत भुंगेरा सहसा वाढत नाही. जे अख्खेच ठेवायचे, त्याला तेलाचा पातळ हात लावावा. आजीच्या काळी हे काम एरंडेलाचे असे.