आधी आडनाव, मग पूर्ण नाव

जेम्स बाँड स्वतःची ओळख करून देताना आधी आडनाव सांगतो, मग पूर्ण नाव. १९६२च्या ‘डॉक्टर नो’पासून ही त्याची पद्धत आहे. बेंगळुरूत भाड्याचे घर शोधताना मी नेमके उलटे करायचे. पहिले नाव सांगायचे आणि पुढचे गिळायचे. समोरचा क्षणभर वाट बघायचा. मग ‘पूर्ण नाव?’, मग ‘गाव कुठलं?’, शेवटी ‘व्हेज की नॉनव्हेज?’ तीन प्रश्नांत त्याला हवे ते कळायचे. आडनाव ऐकल्यावर एका मालकाने ‘घर कालच गेलं’ असे सांगितले. ‘टू-लेट’ची पाटी पुढच्या रविवारीही तिथेच होती.

तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मला हेरपट फार आवडतात. खोटे नाव, बदललेली बोली, कोणी काही विचारायच्या आत तयार ठेवलेले उत्तर हे सगळे ओळखीचे वाटते. आपल्यापैकी अनेकांनी हॉस्टेलात आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये हे काम बिनपगारी केले आहे.

सध्या बाँडची मालिका नव्याने उभी राहते आहे. डॅनिएल क्रेगचा शेवटचा बाँड २०२१ साली आला. २०२५ मध्ये मालिकेची सूत्रे अ‍ॅमेझॉनकडे गेली आणि डेनी विल्नव यांचे नाव दिग्दर्शक म्हणून जाहीर झाले. कृष्णवर्णीय बाँड का नको, हा वाद तर इद्रिस एल्बा यांच्या नावावरून वर्षानुवर्षे चालला. त्यात घाणेरडे बोलणारेही होते, पण निदान प्रश्न जाहीरपणे विचारला गेला. आपल्याकडे हेराची भूमिका कोणता स्टार करणार यावर तासन्‌तास चर्चा होते. त्या हेराचे आडनाव काय असावे, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आधीच ठरलेले असते.

पडद्यावरची नावे आठवून बघा. ‘एक था टायगर’चा टायगर म्हणजे अविनाशसिंह राठौर. आपल्या तांड्यावरचा राठोड नव्हे, राजपूत वळणाचा राठौर. ‘बेबी’चा नायक अजयसिंह राजपूत. ‘वॉर’मधला कबीर धालीवाल. ‘द फॅमिली मॅन’चा श्रीकांत तिवारी मुंबईत राहतो आणि त्याच्या शेजारी बसून विनोद करणारा सहकारी असतो तळपदे. टोपणनाव टायगर असो की आणखी काही, खरे नाव उघड झाले की आतून बहुधा प्रस्थापित आडनावच निघते.

याला एक मोठा अपवाद २०२३चा ‘पठाण’. त्या नायकाला आईबाप ठाऊक नाहीत, तो सिनेमागृहात सोडून दिलेले मूल आहे. मला तो सिनेमा आवडला. पण यातली गोम लक्षात घ्या. नायकाची जात सांगायची नसेल, तर त्याला अनाथच करावे लागते. आईबाप, गल्ली आणि वस्ती असलेला, रमाईनगरात किंवा भीमनगरात वाढलेला माणूस देशाचा हेर होऊ शकतो, हे पटकथेला सुचतच नाही.

मी ज्या शहरात राहते, तिथे एक जुनी हेरपटांची मालिका आहे. दोरै-भगवान या दिग्दर्शकजोडीने १९६८ साली ‘जेडर बले’ काढला. नावाचा अर्थ कोळ्याचे जाळे. त्याच वर्षी ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ आला, १९६९ मध्ये ‘ऑपरेशन जॅकपॉटनल्ली सीआयडी ९९९’ आणि १९७८ मध्ये ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’. ००७ला कन्नडचे उत्तर ९९९. हा हेर साकारला डॉ. राजकुमार यांनी. ते ईडिग समाजातले. परंपरेने ताडी काढणारा हा समाज. त्यांची शाळा लहानपणीच सुटली आणि ते नाटक कंपनीत वाढले. कादंबरीतला बाँड ईटनसारख्या बड्यांच्या शाळेत जाऊन आलेला. इथे मात्र ताडी काढणाऱ्यांच्या घरातला, शाळा सुटलेला माणूस कोट घालून हेर झाला. शेवटच्या चित्रपटात तर ते इंग्रजी गाणेही गायले. ते गाणे बेंगळुरूत आजही गुणगुणले जाते.

म्हणून माझी इच्छा अशी की ‘सीआयडी ९९९’ नव्याने यावा. बेंगळुरूतच घडावा, कन्नडमध्ये असावा, त्यात आपली सीमाभागातली मराठीही ऐकू यावी. आणि यावेळी हेर बाई असावी. निपाणीपासून कलबुर्गीपर्यंत सापडणारे आडनाव तिला द्यावे, कांबळे.

तिची सुरुवात कुठून करायची, तेही आपल्याकडे आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून त्यांना एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, दोघांनीही टाळले. बाबुराव बागुलांच्या १९६३च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये रेल्वेतला कामगार जात लपवून राहतो आणि उघडकीला आल्यावर मार खातो. पडद्यावरच्या हेराचे सोंग गळून पडते तेव्हा टाळ्या वाजतात. आपले गळून पडते तेव्हा सामान बाहेर येते. हा फरक ज्याने भोगला आहे, त्याने ही पटकथा लिहावी. नायिका आपली आणि लेखकांची खोली त्यांची, असे चालणार नाही.

पण चित्रपट दुःखाचाच नको. बाईला सुसाट गाडी द्या, टवाळ संवाद द्या, चांगला शिवलेला सूट द्या. सुटाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. पा. रंजित यांनी २०१६च्या ‘कबाली’त रजनीकांतला सूट चढवला आणि त्याचा अर्थही बाबासाहेबांच्या कोटाशी जोडून दाखवला.

‘करमणुकीत जात कशाला आणता?’ असे विचारणारे येतीलच. ती आधीपासून आहे, राठौर, राजपूत आणि तिवारी या नावांनी. चालेल का, अशी निर्मात्यांना शंका असेल, तर त्याच २०१६ सालचा ‘सैराट’ आठवावा. नागराज मंजुळे यांनी अनोळखी चेहरे घेतले आणि तो त्या वेळचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट ठरला. उलट २०२५च्या ‘वॉर २’कडे दोन बडे स्टार होते, तरी त्याला अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही.

विधानसौधासमोरच्या डॉ. आंबेडकर वीथीवरून मी नेहमी जाते. माझ्या डोक्यात पहिला प्रसंग तिथलाच आहे. रात्रीची वेळ, गाडी थांबते, पहाऱ्यावरचा अधिकारी नाव विचारतो. ती काच खाली करते आणि आधी आडनाव सांगते, मग पूर्ण नाव. अधिकारी पुढचा प्रश्न विचारत नाही, फाटक उघडतो. त्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशीच्या पहिल्या शोला मी माझ्या आईला घेऊन जाईन. तिकीट तिच्याच नावाने काढीन, आडनावासकट.