सायटेशनवर शिक्का कोणाचा?

या महिन्याच्या टपालात ‘कॅस’च्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, छाननीबद्दलच्या तक्रारींचा ढीग आहे. त्यातली एक मासलेवाईक. औषधशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने स्कोपस आणि गुगल स्कॉलर अशी दोन्ही प्रिंटआउट फाइलला जोडली. एच-इंडेक्स जुळेना. जुळणारच नाही, स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटसुद्धा मोजतो, स्कोपसचा हिशेब आपल्या यादीपुरता. समितीचा शेरा: ‘तफावतीचा खुलासा प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी सादर करावा.’ खुलासा जाऊन फाइल परत येईपर्यंत सायटेशन वाढली, म्हणजे आधीचे साक्षांकित प्रिंटआउट आता चुकीचे! शिवाय लग्नाआधीच्या नावावरचे निबंध स्कोपसने भलत्याच खात्यावर टाकलेले. त्यासाठी गॅझेटची प्रत मागितली. ती जोडली, तर पहिल्या निबंधात वडिलांच्या नावाचे आद्याक्षर नाही म्हणून प्रतिज्ञापत्र. निबंध कशावर आहेत, हे एवढ्या पत्रव्यवहारात कुणीही विचारलेले नाही.

वरचे नियमही त्याच तोलाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाची जुलै २०१८ची नियमावली इम्पॅक्ट फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीप्रमाणे धरायला सांगते. त्या कंपनीने तो व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता. यादी तेव्हापासून क्लॅरिव्हेट काढते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादीही बंद केली आणि जर्नलची पारख संस्थांवर सोपवून हात झटकले. डिसेंबर २०२४ मध्ये क्लॅरिव्हेटने ‘केमोस्फिअर’ला वेब ऑफ सायन्समधून वगळले. पाच ते दहा इम्पॅक्ट फॅक्टरच्या रकान्यातले २५ गुण त्यातल्या निबंधाला काल मिळत होते, आज मिळतील का? निबंध तोच, उंदीर तेच.

आपल्या औषधशास्त्राच्या शाखेला हा हिशेब अधिकच जाचतो. ओईसीडी ४०८प्रमाणे नव्वद दिवसांचा अभ्यास म्हणजे तीन मात्रा, एक कंट्रोल, प्रत्येक गटात निदान दहा नर आणि दहा माद्या: ऐंशी जनावरे, त्यांच्या स्लाइड्स आणि आयएईसीच्या मंजुरीची प्रतीक्षा. एवढे करून ‘दुष्परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष आला, तर पुढच्या चाचणीची मात्रा त्यावर ठरते. सायटेशन मात्र फारशी मिळत नाहीत. उलट लोरीच्या प्रथिनमापनाच्या १९५१च्या निबंधाची सायटेशन तीन लाखांवर गेली आहेत. त्याचा हवाला देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडून पाहिला असेल, हे विचारू नये.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशात प्राझोसिन कसे वापरावे हे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या छोटेखानी टिपणात मांडले. कोकणातल्या खाटांवर पाहिलेले ते काम होते. आजच्या फॉर्ममध्ये ते कोणत्या रकान्यात भरायचे? छाननीच्या कारकुनाने त्याला बहुधा शून्य दिले असते.

पण कारकुनावर किती काळ ओरडायचे? समितीत विषयतज्ज्ञ म्हणून बसतो कोण? आपलेच सभासद. चहाबिस्किटे होईपर्यंत बेरीज तपासून सही करणारे तुम्हीआम्हीच. पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के गुण मिळतात हे कळल्यापासून विद्यार्थ्याच्या प्रत्येक निबंधावर करस्पॉन्डिंग म्हणून स्वतःचे नाव घालणारे विभागप्रमुखही आपल्यातलेच. प्लेथिस्मोमीटर कुठल्या कपाटात आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

तेव्हा पुढच्या वेळी तज्ज्ञ म्हणून बोलावणे आले, तर उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध आठ दिवस आधी मागवा आणि वाचून जा. मात्रा का निवडली, कंट्रोल कोणता, किती जनावरे दगावली, हे विचारा. दहा मिनिटांत काम कोणाचे ते कळते. ज्यांचे ऑर्किड खाते अजून नाही त्यांनी ते आजच उघडावे. पाटील, जोशी, कुलकर्णी आडनावाच्या मंडळींनी तर आधी. नाव एकदा ठरवा आणि प्रत्येक निबंधावर तेच छापून घ्या, लग्नानंतरही. स्कोपसवर फुटलेली खाती एकत्र करण्याची विनंती लेखकाला स्वतः करता येते, त्याला ना गॅझेट लागते ना शिक्का.

आणि असे शेरे ज्यांना मिळाले असतील त्यांनी नावे झाकून त्यांच्या प्रती महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवाव्यात. त्या एकत्र करून आयोगाकडे धाडणार आहोत. अर्थात, साक्षांकित न करता.